बारमध्ये बसायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी 27 वर्षांचा, हडपसरला राहतो, आयटीत नोकरी. आम्ही चौघे मित्र अधूनमधून बारमध्ये जातो. दर वेळी बिल बघून डोळे पांढरे होतात, गप्पा अर्ध्यावर राहतात, एखाद्याला उलट्या होतात आणि दुसरा दिवस अंथरुणात जातो. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण संध्याकाळ चांगली गेली असं वाटायला हवं. कुठे जावं, काय मागवावं, वेटरशी कसं वागावं, टिप किती द्यावी आणि दुसऱ्या दिवसाचं काय करावं?"

मी पुण्यात बार सांभाळतो. कॅम्पातल्या एका परमिट रूममध्ये वेटर म्हणून लागलो, पुढे काउंटरमागे उभा राहिलो, आता मॅनेजर आहे. या धंद्यावर माझं मनापासून प्रेम आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सुरुवात पैशापासून करू. तुम्ही बारमध्ये जी बाटली पिता ती कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमध्ये बरीच स्वस्त मिळते. मग वरचे पैसे कशाचे? टेबलाचे, बर्फाचे, गरम भट्टीचे, स्वच्छ ग्लासचे, उठून काही आणावं लागत नाही याचे, आणि तीन तास तुम्हाला कुणी उठवत नाही याचे. म्हणजे बारमध्ये तुम्ही बसायचे पैसे देता. आता चार जण साडेनऊला येऊन, तासाभरात तीन-तीन लार्ज पेग रिचवून, मोठ्या आवाजात एकमेकांवर ओरडून बाहेर पडत असतील, तर ज्याचे पैसे मोजले तेच टेबलावर सोडून गेले. तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ माझ्या मते इथेच आहे. पुढचं सगळं हे बसणं वसूल कसं करायचं याबद्दल आहे.

कधी जायचं हे कुठे जायचं यापेक्षा महत्त्वाचं. सातला या. सव्वासातला आलात तरी चालेल, पण साडेनऊला नको. सातला टेबल तुमच्या पसंतीचं मिळतं, एसीच्या थेट झोतात नसलेलं, बाथरूमच्या दारापासून लांब. कढईतलं तेल नुकतंच बदललेलं असतं. वेटरकडे दोन टेबलं असतात, आठ नाही. साडेनऊ ते साडेदहा ही किचनची सर्वांत वाईट वेळ. तेव्हा मागवलेली चिकन चिली अर्ध्या तासाने येते आणि ती करणाऱ्याला चव बघायलाही सवड नसते. वारांमध्ये मंगळवार-बुधवार सोन्यासारखे. शुक्रवार-शनिवार पुण्यात कुठेही जा, गर्दीच. गटारीला आणि 31 डिसेंबरला मी माझ्या घरच्यांनाही माझ्या बारमध्ये येऊ देत नाही, कारण त्या रात्री आम्ही फक्त गर्दी हाकत असतो. आणि गटारी संपली की श्रावण. अर्ध्या गिऱ्हाइकांचा नेम असतो, बार रिकामे, बाहेर पाऊस, आत सगळा स्टाफ तुमच्याच दिमतीला. जे पाळत नाहीत त्यांनी श्रावणातला बुधवार एकदा तरी अनुभवावा.

ड्राय डे मात्र आधी बघून घ्या. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी हे लक्षात असतातच. मतदान असेल तर ते संपण्याआधीचे 48 तासही बंद. पालख्या शहरात असताना आणि गणपतीत पुण्यात स्थानिक आदेश वेगळे निघतात, तेव्हा निघण्याआधी बारला एक फोन करा.

कुठे जायचं? पुण्यात ढोबळमानाने तीन प्रकारच्या जागा आहेत आणि प्रत्येकीची ताकद वेगळी. चूक होते ती एका जागेत दुसरीचा माल मागितल्याने.

पहिली आपली परमिट रूम. पेठांच्या कडेला, टिळक रोडपासून स्टेशनपर्यंत, हायवेला, सगळीकडे. इथे व्हिस्की, रम, बाटलीतली बिअर आणि गरम खाणं मागवायचं. कॉकटेल मागवू नका, ते करणारा माणूसच तिथे नसतो. बसण्याआधी रेट कार्ड मागून घ्या, कारण एसी आणि नॉन-एसीचे भाव वेगळे असतात आणि बऱ्याचदा नॉन-एसीला खाणं तेच, वारा चांगला आणि आवाज कमी असतो. चौघे असाल आणि सगळे एकच ब्रँड घेणार असाल तर सुटे पेग मागवण्यापेक्षा क्वार्टर (180 मिलीची बाटली) किंवा हाफ (375 मिलीची) मागवा. सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडली जाते, भेसळीची शंका उरत नाही आणि हिशेबही डोळ्यासमोर राहतो. सुटा पेग घेतलात तर माप टेबलावर आणून ओतायला सांगा. पेग मेजरवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. स्मॉल म्हणजे 30 मिली, लार्ज म्हणजे 60. समोर ओता म्हटल्यावर चांगल्या बारमधला कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, कधी रागावत नाही. जो रागावतो तिथे दुसरा पेग घेऊ नये.

दुसरी जागा म्हणजे ज्यांची स्वतःची बिअर तयार होते त्या ब्रुअरी. याबाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. डूलाली 2009 साली पुण्यातच सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे ताजी बिअर काय असते हे फार थोड्यांना माहीत होतं. नंतर मुंढव्यात इंडिपेंडन्स, कोरेगाव पार्कात एफिंगट अशी रांगच लागली. अशा जागी जाऊन बाटलीतली बिअर किंवा व्हिस्की मागवणं म्हणजे संधी घालवणं. इथे फक्त एक प्रश्न विचारायचा: "आज सगळ्यात ताजी टाकी कुठली?" गव्हाची बिअर असेल तर तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास यायला हवा. तो कुठला अर्क घालून येत नाही, यीस्टचा असतो, आणि बिअर जुनी झाली की आधी तोच उडतो. बहुतेक ठिकाणी चव बघायला छोट्या ग्लासात थोडी थोडी देतात, ती संकोच न करता मागा. आणि ग्लासकडे बघा. धुतलेला ग्लास असेल तर बिअर पिताना फेसाची कडी आतून चिकटून राहते. बुडबुडे बाजूला चिकटून बसलेले दिसले तर ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा अंश आहे, बदलून मागा. मधापासून केलेलं मीडही पुण्यात बनतं, मूनशाइनचं. गोड पिणाऱ्याला ब्रीझरऐवजी ते एकदा द्या.

तिसरी, कॉकटेल बार. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर-बालेवाडी भागात आता खरोखर चांगल्या हाताची मुलंमुली काउंटरमागे आहेत. इथे टेबल सोडा आणि बारच्या काउंटरलाच बसा. दोघे असाल तर नक्कीच. काम डोळ्यासमोर चालतं, बोलता येतं, आणि तुम्हाला रस आहे हे दिसलं की समोरचा माणूसही खुलतो. पहिलं पेय साधं मागवा: व्हिस्की सावर किंवा डॅकिरी. दोन्हींत लपवायला जागा नाही. मद्य, लिंबू, साखर, बस. लिंबू ताजं पिळलं की बाटलीतलं आंबट पाणी ओतलं हे पहिल्या घोटात कळतं. ताजं असेल तर पुढचं त्याच्यावर सोपवा, "मला आंबट आवडतं, फार गोड नको, जिन चालेल" एवढं सांगा. मे महिन्यात गेलात तर कैरी, करवंद, कोकम यांचं काय आहे विचारा, मेनूत नसलं तरी बहुतेकदा काहीतरी मुरत ठेवलेलं असतं. लाँग आयलंड आइस्ड टी मात्र मागवू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यात पाच प्रकारचं मद्य असतं, प्रत्येकी 15 मिली धरलं तरी अडीच पेग, आणि कोलाच्या गोडीत ते जाणवत नाही. तुमच्या टेबलावर ज्याला उलट्या होतात त्याने काय मागवलं होतं, आठवून बघा.

आता आकडे. हे एकदा नीट समजलं की निम्मी दुखणी जातात. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 30 मिलीच्या स्मॉलमध्ये साधारण 13 मिली शुद्ध अल्कोहोल. हे एक माप धरा. आता 650 मिलीची स्ट्राँग बिअर, 8 टक्क्यांची: तिच्यात 52 मिली. म्हणजे एक बाटली बरोबर चार स्मॉल पेग. "मी आज फक्त दोन बिअर घेतल्या" म्हणणारा माणूस आठ पेग पिऊन बसलेला असतो आणि त्याला ते ठाऊकही नसतं. माइल्डची तीच बाटली, 5 टक्क्यांची, अडीच पेगांची. ब्रुअरीतला अर्ध्या लिटरचा ग्लास सुमारे दोन. वाइनचा 150 मिलीचा ग्लास दीड. क्वार्टर म्हणजे सहा. शरीर हे सगळं एकाच ठरावीक वेगाने जाळतं: सरासरी माणसाला एका स्मॉलसाठी तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, यांपैकी कशानेही तो वेग वाढत नाही. बिअर आधी की व्हिस्की आधी, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. क्रमाने फरक पडत नाही, बेरजेने पडतो.

म्हणून वेगाची सोय पहिल्या दहा मिनिटांत लावून टाका. बसल्या बसल्या पाणी मागवा, साधं पाणी, आणि पहिला ग्लास संपवा. तहानेने प्यायलेला पहिला पेग दोन मिनिटांत संपतो आणि संध्याकाळचा वेग तिथेच बिघडतो. मग खाणं सांगा, दारूच्या आधी. पोटात काही असेल तर अल्कोहोल रक्तात हळू उतरतं. राउंडची पद्धत बंद करा. "चला, सगळ्यांना रिपीट" म्हटलं की टेबल सर्वांत भरभर पिणाऱ्याच्या वेगाने धावतं. जो सावकाश पितो त्याच्यासमोर दोन ग्लास साचतात आणि तोही भिडेपोटी ओढतो. ज्याचं संपेल त्याने आपलं मागवावं. टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) फक्त बिलापुरतं नसावं, वेगालाही लागू असावं.

आग्रहही करू नका. पंगतीत जिलबीचा आग्रह शोभतो, फार तर पोट जड होतं. इथे तो माणसाला आडवा करतो. एखादा मित्र गोळ्या घेत असेल, साखरेची औषधं किंवा इन्सुलिन असेल, अँटिबायोटिक चालू असेल, तर त्याने नको म्हटल्यावर कारणही विचारू नका. रिकाम्या पोटी प्यायल्यावर मधुमेहाच्या औषधांमुळे साखर धोकादायक खाली जाते आणि ती लक्षणं बघणाऱ्याला नशेसारखीच दिसतात. आणि न पिणाऱ्यासाठी फ्रेश लाइम सोडा त्याच दिमाखात, त्याच ग्लासात यायला हवा. आमच्याकडे मी तशी सूचनाच देऊन ठेवली आहे.

आता व्हिस्की-सोड्याचा एक ग्लास कसा भरतात ते नीट सांगतो, कारण पुण्यात सर्वांत जास्त तोच विकला जातो आणि सर्वांत जास्त तोच बिघडतो. उंच ग्लास घ्या. त्यात बर्फ काठोकाठ. लोकांना वाटतं बर्फ कमी घेतला तर दारू पातळ होणार नाही. होतं उलटं. दोन खडे गरम दारूत चटकन विरघळतात आणि पाणीच पाणी होतं. ग्लासभर बर्फ एकमेकाला थंड ठेवतो आणि सावकाश वितळतो. बर्फ बादलीत तासभर पडून ओला झालेला असेल तर बदलून मागा, कोरडा बर्फ बोटाला चिकटतो. मग 30 मिली व्हिस्की. एकदा ढवळा, ग्लास बाहेरून गार लागेपर्यंत. मग सोडा, नुकता फोडलेला, छोट्या बाटलीतला. मोठी बाटली टेबलावर उघडी राहिली की वीस मिनिटांत तिचा जीव जातो. सोडा बर्फावर आपटून ओतायचा नाही, ग्लास किंचित तिरका धरून कडेने सोडायचा. मग चमचा तळाशी नेऊन एकदाच हळूच वर उचलायचा. बस. 30 मिलीवर पाऊण ग्लास सोडा पडला की ते जवळपास बिअरइतकंच सौम्य होतं, अर्धा तास पुरतं आणि शेवटच्या घोटालाही चव असते. तीनदा अशी स्मॉल घ्या आणि दोन लार्ज पाणी-सोड्याशिवाय घेतल्यावर कसं वाटतं ते आठवून तुलना करा. माझ्यासाठी संध्याकाळी सातपासून दहापर्यंतचं हेच आदर्श माप आहे.

चांगली सिंगल माल्ट व्हिस्की मागवली असेल तर मात्र बर्फ-सोडा दूर ठेवा आणि पाण्याचे चार थेंब टाका. अमृत, पॉल जॉन, इंद्री ही आपलीच नावं आता जगभर मानाने घेतली जातात. परदेशी ब्रँडच्या नावाला भुलून दुप्पट पैसे देण्याआधी यांतलं एक घेऊन बघा.

चखण्याबद्दल. फुकट येणारे फ्रायम्स आणि खारी डाळ तहान वाढवतात, म्हणून तर देतात. पहिल्या तासात मसाला शेंगदाणे, उकडलेली अंडी, काकडी, चणा कोळीवाडा असं काहीतरी चावत बसण्याजोगं घ्या. दुसऱ्या तासात एखादा गरम पदार्थ, चौघांत एक, संपल्यावर दुसरा. चार प्लेटा एकदम मागवल्या की तीन गार होतात. मासे मागवताना महिना बघा: पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात पुण्यात पानात येणारी सुरमई बहुतेक बर्फातली. तेव्हा कोंबडी किंवा अंडी घ्या आणि सुरमई, बोंबील पावसाळ्यानंतर खा. आणि जेवण टाळू नका. शेवटच्या पेगसोबतच दाल खिचडी किंवा अंडा राइस सांगून ठेवा, म्हणजे किचन बंद व्हायच्या घाईत अडकत नाही. स्टेशनजवळची भुर्जी-पाव आणि पहाटेचे नळस्टॉपचे पोहे या पुण्याच्या चांगल्या सवयी आहेत, पण उपाशी पोटी पिऊन मध्यरात्री त्यांच्यावर तुटून पडणं म्हणजे जेवण झालं असं नाही.

वेटरशी कसं वागावं हे तुम्ही विचारलंत याचा आनंद वाटला, फार कमी जण विचारतात. चुटकी वाजवू नका, ग्लासवर चमचा आपटू नका, शुकशुक नको. नजर मिळाली की हात थोडा वर केला तरी पुरतं. दादा म्हणा, मामा म्हणा, शेट्टी लोकांच्या परमिट रूममध्ये अण्णा चालतं. सर्वांत चांगलं म्हणजे नाव विचारा आणि लक्षात ठेवा. यातले बरेच जण ओडिशा, बंगाल, नेपाळहून आलेले असतात, बाराबारा तास उभे असतात आणि दिवसभरात त्यांचं नाव फक्त कॅप्टन घेतो, तेही ओरडून. ऑर्डर देताना चौघांनी एकदम बोलू नका, एकाने सगळं सांगा. "आज काय चांगलं आहे?" असं विचारलंत तर ठरलेलं उत्तर मिळेल. "तुम्ही स्टाफने आज काय खाल्लं?" असं विचारून बघा.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात. सातच्या सुमारास, खिडकीजवळचं दोघांचं टेबल. एक स्मॉल रम, कोमट पाणी, हाफ प्लेट मसाला शेंगदाणे. पेपर वाचतात, वेटरला त्याच्या गावचा पाऊस विचारतात, तासाभराने दुसरी स्मॉल, मग वाटीभर दाल खिचडी, आणि नऊला घरी. त्यांचं बिल अख्ख्या हॉलमध्ये सर्वांत लहान असतं. पण त्यांचे शेंगदाणे आले की त्यावर कांदा बारीक चिरलेला असतो, लिंबाची एक फोड जास्त असते, आणि शनिवारच्या गर्दीतही त्यांचं टेबल कुणी कुणाला देत नाही. मी तसं कधीच सांगितलेलं नाही. मुलं आपणहून करतात. ओळख अशी होते: एकच जागा, ठरलेला वार, बेताचं बोलणं. पाच बार फिरण्यापेक्षा एका बारमध्ये पाचदा जाणाऱ्याला पैशाचा मोबदला जास्त मिळतो, हे मी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगतो.

बिल आलं की वाचा. खाण्यावर आणि सॉफ्ट ड्रिंकवर जीएसटी असतो, दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, परमिट रूममध्ये 10 टक्के. दारूच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर विचारा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसं स्पष्ट केलं आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा, वाद वेटरशी नाही, मॅनेजरशी करा. टिप दहा टक्क्यांच्या आसपास द्या, आणि रोख द्या. क्यूआरवर बिलासोबत टाकलेले पैसे मालकाच्या खात्यात जातात, तिथून मुलांपर्यंत पोहोचतात की नाही हे त्या त्या जागेवर अवलंबून असतं. सर्व्हिस चार्ज दिला असेल तर वेगळी टिप द्यायलाच हवी असं नाही.

वयाचा पुरावा खिशात ठेवा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी 21 आणि बाकी मद्यासाठी 25 पूर्ण लागतात, शिवाय प्यायचा परवानाही लागतो, एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो. तुम्ही 27 चे आहात, पण टेबलावर कुणी 23 चा असेल तर त्याला व्हिस्की देणार नाही म्हणणाऱ्या मुलाशी हुज्जत घालू नका. 19 मे 2024 ला कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता आणि त्याआधी त्याला या शहरात दारू मिळाली होती. त्या रात्रीनंतर आमच्या धंद्यातल्या प्रत्येक प्रामाणिक माणसाने स्वतःला प्रश्न विचारले आहेत. आम्ही आधार कार्ड मागतो ते अपमान करायला नाही.

आणि गाडी नेऊच नका. "कमी पिईन आणि चालवीन" हा निर्णय पिल्यानंतर घ्यायचा नसतो, तेव्हा तो घेणारं डोकंच जागेवर नसतं. गाडी घरी असेल तर प्रश्नच संपला. जाताना बस, रिक्षा, वनाज-रामवाडी मार्गावर राहणाऱ्यांना मेट्रो, येताना रिक्षा किंवा कॅब. शहरात बार दीडला बंद होतात आणि पावणेदोनला रिक्षा शोधणारे सगळे एकदम रस्त्यावर येतात, म्हणून साडेबाराच्या आत निघा. रिक्षा पटकन मिळते आणि तुम्ही सातला बसला असाल तर साडेपाच तास झालेलेच असतात.

एखादा फारच लागला तर त्याला एकटा सोडू नका, उताणा झोपवू नका. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जात नाही. हाक मारून, चिमटा काढूनही उठत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडत असेल तर "झोपेल आणि उतरेल" म्हणत बसू नका, 108 ला फोन करा. बारच्या स्टाफला सांगायला लाजू नका. आम्ही हे पाहिलेलं असतं आणि आम्ही धावतो.

राहिला दुसरा दिवस. दारू शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दाबते, म्हणून सारखं लघवीला जावं लागतं आणि सकाळी डोकं धरतं. दर पेगामागे एक ग्लास पाणी आणि झोपताना ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी घेतलं तर थोडा फरक पडतो. झोप तुटक लागते ती मात्र पाण्याने सुधारत नाही, त्याला एकच उपाय, शेवटचा पेग आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवणं. रात्रीच पॅरासिटॅमॉल घेऊन झोपायची युक्ती सोडून द्या, लिव्हर आधीच कामात असतं आणि त्याच्यावर तो बोजा नको. सकाळी उतारा म्हणून पुन्हा बिअर घेणारे दुखणं फक्त दुपारपर्यंत ढकलतात.

आणि सकाळच्या बाइकचा हिशेब रात्रीच करा. आठला बसून तीन स्ट्राँग बिअर झाल्या असतील तर ते बारा पेग आहेत, ते पूर्ण जिरायला सकाळचे अकरा तरी वाजतात. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमची आहे, पहिल्या वेळी दंड 10,000 रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि मशीनला तुम्ही रात्री प्यायलात की सकाळी हे कळत नाही. नऊला मगरपट्ट्यात ऑफिसला पोहोचायचं असेल तर आदल्या रात्री तीन स्मॉलवर थांबा, नाहीतर सकाळीही रिक्षानेच जा.